चंद्रावर जायच्या आधीची पानं

टिनटिन या धाडसी तरुण पत्रकाराच्या चित्रकथांमधल्या चांद्रकथेविषयी कुणाशीही बोलायला बसा, समोरचा माणूस थेट दुसऱ्या भागात शिरतो. काळंभोर आकाश, नारिंगी पोशाखातली माणसं, लाल-पांढऱ्या चौकटींचं रॉकेट. साहजिकच आहे, चंद्र तिथे आहे. पहिला भाग म्हणजे लोकांच्या लेखी नुसती तयारी, चाळून पुढे जाण्याजोगी. माझं मत अगदी उलट आहे, आणि इतक्या वर्षांत ते बदललेलं नाही. या दोन पुस्तकांतलं खरं साहस पहिल्या भागात आहे, जिथे रॉकेट शेवटच्या काही पानांपर्यंत जमिनीवरच उभं असतं. आणि दोन्ही भागांत जे जे फसलंय, ते लेखकाचा या तयारीवरचा विश्वास डळमळला तिथे तिथे फसलंय.

एर्जे या नावानं लिहिणारा-काढणारा जॉर्ज रेमी हा बेल्जियन माणूस. ही कथा १९५० साली ‘टिनटिन’ साप्ताहिकात सुरू झाली. मध्येच तो थकून, खचून गेला आणि सुमारे दीड वर्ष कथा बंद पडली. पुढे ती १९५३ च्या अखेरीस पूर्ण झाली. पुस्तकरूपात पहिला भाग १९५३ साली आला, दुसरा १९५४ साली, दोन्ही बासष्ट पानांचे. पहिला स्पुटनिक १९५७ चा. म्हणजे माणसानं बनवलेली एकही वस्तू पृथ्वीभोवती फिरत नव्हती, तेव्हा हा गृहस्थ चंद्रावर उतरायचा हिशेब मांडत होता.

मला पहिला भाग आधी मिळाला, कोल्हापुरात, लक्ष्मीपुरीतल्या रद्दीच्या एका दुकानात. मुखपृष्ठाचा कोपरा गेलेला, आत कुणीतरी शाईनं टिनटिनच्या दोस्ताला, कॅप्टन हॅडॉकला, चष्मा काढलेला. दुसरा भाग कित्येक दिवस कुठेच सापडेना. पहिल्या भागाच्या शेवटी रॉकेट सुटतं, आतली माणसं वेगाच्या दाबानं बेशुद्ध पडतात, जमिनीवरून रेडिओवर हाका मारत राहतात आणि वरून उत्तर येत नाही. तिथेच पुस्तक संपतं. पुढचं हाताशी नसल्यामुळे मी मागचंच पुन्हा पुन्हा वाचलं. ज्या पानांवरून बाकीची मुलं घाईनं पुढे गेली असती, त्या पानांवर माझा मुक्काम पडला.

काय आहे त्या पानांत? सिल्डेव्हिया नावाच्या काल्पनिक देशात डोंगराआड एक प्रचंड केंद्र आहे. तिथे प्रोफेसर कॅल्क्युलसनं टिनटिन आणि हॅडॉकला बोलावून घेतलंय. युरेनियमपासून प्लुटोनियम कसं तयार होतं, अणुभट्टीतल्या सळ्या काय करतात, इंजिनाच्या उष्णतेत न वितळणारा पदार्थ कुठून आणायचा (प्रोफेसरनं तो स्वतः शोधलाय आणि त्याला कॅल्क्युलॉन असं आपलंच नाव दिलंय), अंतराळातला पोशाख हवाबंद आहे की नाही हे कसं तपासायचं, असं सगळं. मुख्य रॉकेटाआधी एक लहान चाचणी-रॉकेट चंद्राला वळसा घालून पलीकडच्या बाजूचे फोटो काढायला पाठवतात. चंद्राची ती बाजू माणसानं पहिल्यांदा पाहिली १९५९ च्या ऑक्टोबरात, सोव्हिएत ल्युना-३ नं काढलेल्या फोटोंतून. एर्जेच्या पात्रांच्या हाती मात्र ते फोटो लागत नाहीत. त्याकडे येतेच.

आमचं घर उद्यमनगरच्या मागच्या बाजूला. आप्पा पॅटर्नमेकर होते. ज्यांना फौंड्रीचं काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: बिडाचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी तो हुबेहूब लाकडात करावा लागतो. तो वाळूत दाबून साचा घ्यायचा, लाकूड काढायचं आणि त्या पोकळीत रस ओतायचा. पण लाकडी नमुना अगदी हुबेहूब करून चालत नाही, कारण धातू थंड होताना आकसतो. बिडाला फुटामागे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त धरायचं, हा आप्पांचा पाठ. जिथे मशिनिंग होणार तिथे आणखी मटेरिअल सोडायचं. साच्यातून नमुना अलगद सुटावा म्हणून बाजूंना किंचित उतार द्यायचा. कोल्हापूरच्या ऑईल इंजिनांनी गुऱ्हाळं चालवली, विहिरींचं पाणी उपसलं, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतले भाग कुठे कुठे गेले, हे सगळे अभिमानानं सांगतात. त्या प्रत्येक भागाआधी कुणीतरी लाकडाला तासत बसलेलं होतं, हे सांगताना फारसं कुणी दिसत नाही.

आप्पांना इंग्रजी येत नव्हतं. मी त्यांना पहिल्या भागातलं ते पानभर चित्र दाखवलं, ज्यात प्रोफेसर हॅडॉकसमोर रॉकेटाचा उभा छेद मांडतो. वर नियंत्रण कक्ष, खाली राहायची जागा, मग सामानाचा कोठा, एअरलॉक, टाक्या, तळाला इंजिन. मजल्यामजल्यांना जोडणाऱ्या शिड्यासुद्धा दाखवल्यात. आप्पांनी चष्मा चढवला आणि बोटानं एकेका मजल्यावरून खाली येत राहिले. मग म्हणाले, “ह्यो मानूस कुठंतरी वर्कशॉपात बसून आलाय बघ. नुसतं मनानं काढलंय असं न्हाई हे.”

त्यांचा अंदाज किती बरोबर होता ते मला फार पुढे कळलं. एर्जेनं त्या रॉकेटाचं सुटं होणारं मॉडेल आर्थर व्हान नोयेन या कारागिराकडून करवून घेतलं होतं. चित्र काढताना कुठलं पात्र कुठल्या मजल्यावर उभं आहे, त्याच्या डाव्या हाताला कुठलं दार येईल, शिडी कुठल्या भोकातून वर जाईल, हे त्याच्या स्टुडिओतल्या मदतनिसांना त्या मॉडेलवरून पाहता यायचं. फ्रान्समधले अंतराळविद्येचे लेखक अलेक्झांद्र अनानॉफ यांचं १९५० सालचं पुस्तक त्यानं अभ्यासलं, त्यांचा सल्लाही घेतला. लाल-पांढऱ्या चौकटीसुद्धा नुसत्या शोभेच्या नाहीत. जर्मन व्ही-२ रॉकेटांच्या चाचण्यांत असे पट्टे रंगवत, म्हणजे वर जाताना रॉकेट स्वतःभोवती किती फिरतंय ते लांबून दिसे. ज्या पिढीनं दुसऱ्या महायुद्धात व्ही-२ बेल्जियमच्या अँटवर्पवर पडताना पाहिली, त्या पिढीतल्या बेल्जियन चित्रकारानं तोच आकार उचलून माणसं चंद्रावर न्यायला वापरावा, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

कथेतलं विज्ञान किती टिकतं हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण या पुस्तकानं तो प्रश्न विचारायचा हक्क वाचकाला स्वतःहून दिलाय. उड्डाण आणि उतरणं यांसाठी नायट्रिक आम्ल आणि ॲनिलिनवर चालणारं साधं रासायनिक इंजिन, आणि मधल्या प्रवासाला अणुइंजिन. का? तर अणुइंजिनाच्या झोतानं उड्डाणाची जागा किरणोत्सर्गानं दूषित होऊ नये म्हणून. मुलांच्या साप्ताहिकातल्या गोष्टीत ही काळजी कुणी घेतली नसती तरी चाललं असतं. एर्जेनं घेतली. पुढे अमेरिकेनं साठच्या दशकात अणुइंजिनांच्या जमिनीवर खरोखर चाचण्या केल्या, पण ती अंतराळात कधी गेली नाहीत.

अणुइंजिन वाटभर चालूच राहतं. त्यामुळे रॉकेटाचा वेग सतत वाढत राहतो आणि आतल्या माणसांना फरशीवर नेहमीसारखं उभं राहता येतं. निम्म्या वाटेवर रॉकेट उलटं फिरवायचं आणि तेच इंजिन वेग कमी करायला वापरायचं. फरशी फरशीच राहते. मी अकरावीत भौतिकशास्त्र शिकले तेव्हा हे गणित करून पाहिलं. चंद्राचं सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर. पृथ्वीवर आपल्याला जेवढा ओढा जाणवतो तेवढ्याच त्वरणानं अर्धी वाट वेग वाढवला आणि अर्धी वाट कमी केला, तर साडेतीन तासांच्या जरा आत माणूस चंद्रावर पोचतो. मध्यावर वेग सेकंदाला साठ किलोमीटरच्या वर जातो. अपोलो-११ ला चंद्राच्या कक्षेत शिरायला तीन दिवस लागले, कारण त्यांचं इंजिन थोडा वेळ पेटून बंद होत असे आणि बाकीची वाट ते तसेच वाहत जात. तेवढ्या ताकदीचं आणि तेवढं टिकणारं इंजिन आजही कुणाकडे नाही. पण ‘असं इंजिन असेल तर’ हे एकदा मान्य केलं की पुढचं सगळं सुसंगत आहे. थॉमसन-थॉम्पसन या वेंधळ्या गुप्तहेर जोडीपैकी एकाच्या चुकीनं इंजिन बंद पडतं आणि त्याच क्षणी सगळे तरंगायला लागतात. तिथे वाचकाला धक्का बसतो आणि नियमही कळतो. विज्ञानकथेकडून मला याहून जास्त काही नको असतं.

पहिल्या भागातला माझा सगळ्यात आवडता प्रसंग प्रोफेसरच्या संतापाचा. हॅडॉक चिडून त्याला पोरखेळ करतोस असं काहीसं बोलून जातो. एरवी कानानं मंद, स्वतःतच हरवलेला हा म्हातारा पेटून उठतो. हॅडॉकला ओढत, जीपमध्ये कोंबत, पहारेकऱ्यांना झुगारत तो केंद्रभर फिरवतो आणि शेवटी परांचीत उभ्या असलेल्या त्या प्रचंड रॉकेटासमोर नेऊन उभं करतो. हा पोरखेळ? बघ! ते चित्र आलं की मला प्रत्येक वेळी आप्पांच्या दुकानात आलेलं एक गिऱ्हाईक आठवतं, जे तयार पॅटर्न हातात घेऊन म्हणालं होतं, लाकडाच्या तुकड्याचे एवढे पैसे? आप्पा त्याच्यावर ओरडले नाहीत. प्रोफेसर आमच्या वतीनंही ओरडला, असं मी धरून चालते. कामाचा अपमान झाल्यावर येणारा राग एखाद्या साहसकथेचा कळसाध्याय होऊ शकतो, हे मला या पुस्तकानं दाखवलं.

आता जे खुपतं ते.

एर्जेला वाटलं असावं की नुसत्या यंत्रांवर मुलं गुंतून राहणार नाहीत. म्हणून त्यानं हेर आणले. पॅराशूटनं उतरणारी माणसं, अंधारातून झाडलेली गोळी, कुठल्यातरी खोलीत बसून रेडिओवर हुकूम सोडणारे अदृश्य धनी. हे शत्रू कोणत्या देशाचे, त्यांना रॉकेट नेमकं कशासाठी हवंय, हे शेवटपर्यंत धूसर राहतं. चाचणी-रॉकेट चंद्रामागून परत येताना ते त्याचा ताबा पळवायला बघतात आणि टिनटिननं आधीच बसवून घेतलेल्या यंत्रणेनं ते हवेत उडवून द्यावं लागतं. कथानक म्हणून ही खेळी हुशारीची आहे, टिनटिनची दूरदृष्टी दिसते. पण चंद्राच्या पाठीचे पहिले फोटो जळून गेले आणि पुस्तक त्या हानीजवळ दोन चौकटीसुद्धा थांबत नाही. ज्या पुस्तकानं मला हवाबंद पोशाखाच्या चाचणीशी थांबायला शिकवलं, त्यानं इथे थांबायला हवं होतं.

थॉमसन-थॉम्पसन ही दुसरी अडचण. उड्डाण रात्री एक चौतीसला, यांना वाटलं दुपारी एक चौतीसला, म्हणून ते रॉकेटातच राहून गेले. चला, हे चालेल. मागच्या एका साहसात गिळलेल्या गोळ्यांमुळे त्यांचे केस रंगीबेरंगी होऊन भराभरा वाढायला लागतात आणि हॅडॉक ते कापत बसतो, हे मात्र मला कधीच हसवू शकलं नाही. ते जहाजावर घडलं असतं, वाळवंटात घडलं असतं, कुठेही घडलं असतं. याउलट हॅडॉकची व्हिस्की पाहा. पुस्तकाच्या पोकळ पुठ्ठ्यात लपवून आणलेली बाटली, पेला भरलेला, आणि नेमकं इंजिन बंद पडतं. व्हिस्की पेल्यातून उठते, गोळा होते आणि हवेत तरंगायला लागते. हॅडॉक तोंड उघडून तिच्या मागे. वजनरहित अवस्थेत द्रव स्वतःच्या पृष्ठताणानं गोळा होतो, हे एकाही माणसानं अंतराळात जाऊन पाहायच्या आधी काढलेलं चित्र आहे हे. हसू येतं ते भौतिकशास्त्रातूनच. हाच निकष मी बाकी विनोदांनाही लावते, आणि दुसऱ्या भागातले बरेच विनोद त्यात बसत नाहीत.

ॲडोनिसचा प्रसंग मधला. झिंगलेला हॅडॉक पोशाख चढवून रॉकेटाबाहेर पडतो आणि ॲडोनिस नावाच्या लघुग्रहाच्या ओढीत सापडून त्याच्याभोवती फिरायला लागतो. ॲडोनिस खरा आहे. १९३६ साली बेल्जियमच्याच यूजीन डेलपोर्ट यांनी तो शोधला, त्यामुळे एर्जेच्या वाचकांना तो घरचा वाटला असणार. पण तो एक किलोमीटरहूनही लहान दगड आहे. त्याच्या गुरुत्वातून सुटायला सेकंदाला अर्ध्या मीटरचासुद्धा वेग लागत नाही. माणूस रमतगमत चालतो त्याहून हळू. शेजारून सुसाट जाणाऱ्या कॅप्टनला तो पकडून ठेवेल हे शक्य नाही. तरीही त्या पानाची ताकद मला नाकारता येत नाही. काळ्या पोकळीत एकटा माणूस आणि त्याला आणायला दोरीच्या टोकाशी निघालेला त्याचा मित्र. गणित चुकलंय, भीती खरी आहे.

चंद्रावर उतरल्यावर पुस्तक पुन्हा सावरतं. हिप्पार्कस विवरात रॉकेट आपल्या तीन पायांवर उभं उतरतं, आणि पुढे तेच्या तेच अख्खं परत येतं. (उपग्रह कक्षेत नेणाऱ्या मोठ्या रॉकेटाचा खालचा टप्पा पृथ्वीवर पुन्हा उभा उतरवायचं कसब माणसाला प्रत्यक्षात २०१५ च्या डिसेंबरात साधलं.) तिथे कुणी चांद्रमानव नाही, राक्षस नाही, लुप्त नगरी नाही. नुसती राखाडी जमीन आणि शांतता. एवढा मोह टाळणं सोपं नव्हतं. डोंगर मात्र त्यानं सुळक्यांसारखे टोकदार काढले, तेव्हाचे बहुतेक चित्रकार तसेच काढत. खरे चंद्रावरचे डोंगर गोलसर निघाले, कोट्यवधी वर्षं बारीक उल्कांच्या माऱ्यानं झिजलेले.

आणि मग ती गुहा. टिनटिनचा कुत्रा स्नोई एका भेगेत पडतो, टिनटिन दोरीनं खाली उतरतो आणि खाली त्याला बर्फ सापडतो. हे पान मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आमच्या शाळेच्या पुस्तकात चंद्र कोरडा ठणठणीत होता. ऑक्टोबर २००८ मध्ये चांद्रयान-१ गेलं, पुढच्या वर्षी त्यावरच्या उपकरणानं चंद्राच्या मातीत पाण्याच्या खुणा असल्याचं जाहीर झालं, आणि मी फडताळातून हे पुस्तक काढून ते पान पुन्हा उघडलं. हिप्पार्कस चंद्राच्या तोंडाच्या जवळजवळ मधोमध येतो आणि बर्फ टिकतो तो ध्रुवांजवळच्या कायम सावलीतल्या खड्ड्यांत, म्हणजे जागा चुकली. पण गुहा आहेत, बर्फ आहे, आणि सावलीत शोधायला हवा हेही बरोबर आहे. भविष्य सांगितल्याचं श्रेय मी एर्जेला देत नाही. त्यानं त्या काळच्या जाणकारांना विचारलं आणि त्यांनी जे शक्य म्हटलं त्यातलं काढलं. मला ते श्रेय जास्त मोलाचं वाटतं.

दुसऱ्या भागाचा खरा कणा म्हणजे प्राणवायूचा हिशेब. चौघांसाठी आणि एका कुत्र्यासाठी मोजून नेलेला साठा. मग दोन आगंतुक गुप्तहेर निघाले. मग सामानातून लपवून आणलेला कर्नल जॉर्गेन निघाला. प्रत्येक जादा छातीमागे साठा घटतो आणि मुक्काम आखडता घ्यावा लागतो. चंद्रावर फिरायची गाडी तिथेच सोडून निघावं लागतं. म्हणजे ज्या विदूषकांवर मी इतकी नाराज आहे, त्यांचीही पै न पै प्राणवायूच्या वहीत नोंदली गेली आहे. या एका धाग्यामुळे हेरकथा आणि यंत्रकथा शेवटी एकमेकींना भेटतात.

त्यांची भेट होते ती वुल्फमध्ये. फ्रँक वुल्फ हा प्रोफेसरचा सहायक इंजिनिअर. जुगारात कर्ज झालं, कर्ज फेडणाऱ्यांनी गळ्यात फास टाकला, आधी कागद मागितले, मग जॉर्गेनला रॉकेटात लपवायला लावलं. पहिल्या भागात तो जवळजवळ प्रत्येक कामाच्या चौकटीत कडेला उभा असतो. शांत, थोडा घामेजलेला, कामात चोख. दुसऱ्यांदा वाचताना त्याचा चेहरा वेगळा दिसतो. टिनटिन चुकत नाही, प्रोफेसर खचत नाही, हॅडॉक हॅडॉकच राहतो. या सगळ्या कथेत आतून फाटलेला माणूस हा एकच. जॉर्गेन सगळ्यांना चंद्रावर टाकून पळायला निघतो, तेव्हा वुल्फ ते होऊ देऊ इच्छित नाही. परतीच्या वाटेवर झटापटीत जॉर्गेन मरतो. प्राणवायू तरीही पुरणार नाही हे कळल्यावर बाकीचे झोपेत असताना वुल्फ चिठ्ठी ठेवतो आणि एअरलॉकमधून बाहेर निघून जातो.

मुलांच्या चित्रकथेत हे १९५३ साली छापलं गेलं. त्या काळच्या कॅथलिक वातावरणात आत्महत्या दाखवण्यावर आक्षेप आला, म्हणून चिठ्ठीत एक वाक्य आलं, कदाचित एखाद्या चमत्कारानं मीही वाचेन अशा अर्थाचं. ही तडजोड आपल्याला पटली नव्हती असं एर्जेनं पुढे मुलाखतीत सांगितलं. त्याचं खरं आहे. ज्या माणसानं प्राणवायूचा हिशेब स्वतः केलाय तो चमत्काराची भाषा बोलणार नाही. वुल्फ इंजिनिअर आहे. त्याला उत्तर आलंय, आणि म्हणूनच तो दार उघडतो. त्या एका वाक्यानं त्याच्या शेवटच्या कृतीतला हिशेबीपणा पुसट होतो. मी ते वाक्य मनातल्या मनात गाळून वाचते.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी भाची दोन्ही भाग घेऊन बसली होती. ती नववीत आहे, शिवाजी पेठेत राहते, चांद्रयान-३ उतरलं तेव्हा वर्गातल्या पडद्यावर बघून घसा बसेपर्यंत ओरडली होती. दुसरा भाग मिटून तिनं विचारलं, “मावशे, ह्यात एक पण बाई कामाला नाही?”

नाही. एवढं प्रचंड केंद्र, आणि त्यात नाव असलेली, काम करणारी, एक वाक्य लक्षात राहील असं बोलणारी बाई नाही. पन्नाशीच्या दशकातल्या बेल्जियन मुलांच्या साप्ताहिकात ते तसंच असायचं हे मी तिला सांगितलं असतं, पण हे कारण झालं, समर्थन नव्हे. तिच्या डोळ्यांसमोर चांद्रयान-२ च्या प्रकल्प संचालक एम. वनिता आहेत, मोहीम संचालक रितू करिधाल आहेत, चांद्रयान-३ च्या सहयोगी प्रकल्प संचालक कल्पना काळहस्ती आहेत. तिच्यासाठी ही उणीव सैद्धांतिक नाही, ती पानावर दिसणारं भोक आहे.

तिच्या प्रश्नानंतर मला दुसरं भोकही दिसायला लागलं. रॉकेटाभोवतीची परांची कुणी बांधली? कॅल्क्युलॉनचे भाग कुणी ओतले? दूरवर मुंग्यांएवढी माणसं दिसतात, पांढऱ्या डगल्यातली, टोप्यांतली. त्यांच्यातल्या कुणाला नाव नाही. कामाबद्दल एवढा आदर असलेलं पुस्तक कामगाराच्या चेहऱ्यापर्यंत पोचत नाही. प्रोफेसर रागारागानं सगळं केंद्र दाखवतो तेव्हा ‘आम्ही’ म्हणतो, पण त्या ‘आम्ही’तला त्याच्याखेरीजचा जो एकमेव माणूस आपल्याला जवळून भेटतो, तो वुल्फ, आणि तो फुटलेला आहे. याचा मला त्रास होतो. शंभर हातांनी उभं केलेलं यंत्र, आणि त्या हातांपैकी आपल्याला दिसतात ते फक्त फितूर हात.

चित्रांबद्दल थोडं. एर्जेची रेघ सगळीकडे सारख्या जाडीची, सावल्या जवळपास नाहीत, रंग सपाट. कोल्हापुरात चित्र म्हटलं की आबालाल रहमान आणि बाबूराव पेंटरांपासून आलेला वास्तवाचा, उजेड-सावलीचा वारसा डोळ्यांत बसलेला असतो. कलानिकेतनमध्ये शिकलेला माझा एक मित्र ही चित्रं पाहून म्हणाला, “ह्यात वजनच नाही.” माणसांच्या बाबतीत मला त्याचं पटतं. वुल्फच्या शेवटच्या चौकटींत एखादी सावली हवी होती. पण यंत्रांना हीच रेघ शोभते. इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये छाया देऊन चालत नाही, कडा कुठे संपते ते कळायला हवं. आणि चंद्रावर हवाच नसल्यामुळे उजेड आणि काळोख यांच्यामध्ये धूसर पट्टा नाही, तिथेही ती रेघ अचूक बसते. मित्राला मी हे सांगितलं. त्याला पटलं नाही.

मराठीत विज्ञानकथा कमी नाही. जयंत नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा, १९३८ चा. १९७४ साली त्यांनी नारायण विनायक जगताप हे टोपणनाव घेऊन मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली आणि त्यानंतर मराठी वाचकांना कृष्णविवरं, कालप्रवास, हिमयुग हे सगळं आपल्या भाषेत वाचायची सवय लागली. चित्रांतून सांगितलेली, दोन भागांची, मजल्यामजल्यांच्या छेदासकट काढलेली लांबलचक विज्ञान-साहसकथा मात्र मला मराठीत मिळालेली नाही. आम्ही इंद्रजाल वाचलं, चांदोबा वाचला. रॉकेट उघडून दाखवणारं कुणी भेटलं नाही.

भाचीला चित्रं येतात. मी तिला म्हटलंय की तू काढ, यंत्राचं मी बघते. उद्यमनगरातल्या एका फौंड्रीला यानाच्या एका भागाची ऑर्डर आलीय इथून सुरू करायचं. पॅटर्न करणारी बाई. पहिल्या ओतकामात ब्लोहोल, म्हणजे आत हवा अडकून राहिलेली पोकळी, निघालाय, भाग रिजेक्ट झालाय, आणि चूक वाळूतल्या ओलीची की पॅटर्नची यावर भट्टीपाशी वाद पेटलाय. हेर नको, असं मी म्हटलं. भाची म्हणाली, एक तरी हवा, नाहीतर तिच्या वर्गातली पोरं वाचणार नाहीत. त्यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. पहिली चार पानं पेन्सिलीत झाली आहेत.